शांत झालेले मन आणि बरे झालेले मन

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की आम्ही थोडा वेळ चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहतो. कुणाला नव्या घराच्या आशीर्वादाची तारीख ठरवायची असते, कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला नुसतेच ‘कसे आहात, फादर?’ म्हणायचे असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी एक मध्यमवयीन गृहस्थ गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबले आणि मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “फादर, टेन्शनवर गोळी देतात ना, ती माणूस उदास असला तरी चालते का? म्हणजे, तेवढ्यानंच बरं होतं का?”

प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा होता. तो धर्मगुरूला विचारला गेला याचे आम्हाला नवल वाटले. “कुणासाठी विचारता?” असे आम्ही म्हणालो, त्यावर “असंच,” एवढेच उत्तर आले. आम्ही त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञांचे नाव सांगितले, त्यांनी ते कागदावर टिपून घेतले, आणि छत्री उघडून ते निघून गेले. योग्य ते केले या समाधानात आम्ही न्याहारीला बसलो. परंतु प्रश्न काही मनातून जाईना.

विचार करता ध्यानात आले की त्या एका वाक्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक औषधाचा: चिंता शमविणारी गोळी विषण्णता घालवू शकते काय? दुसरा नीतीचा: दुःखी माणसाला शांत केले म्हणजे त्याचे दुःख निवारले, असे समजण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी दिलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना आम्हाला आमची स्वतःची एक चूक सांगावी लागेल. म्हणून आधी औषधाकडे वळतो.

या गोळ्यांचा इतिहास फार जुना नाही. लिओ स्टर्नबाख हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ १९४१ साली युरोपातून अमेरिकेत आले. न्यू जर्सीतील त्यांच्या प्रयोगशाळेत १९५७ साली टेबलावरचा जुना पसारा आवरला जात असताना, दुर्लक्षित राहिलेले एक संयुग सहकाऱ्याच्या हाती लागले आणि ते तपासणीसाठी पाठवले गेले. त्यातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले. १९७८ या एका वर्षात एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या खपल्या. आपल्याकडे तेच औषध काम्पोज या नावाने इतके परिचित झाले की झोपेची गोळी म्हणजे काम्पोज, असे समीकरणच होऊन बसले. पुढे १९८१ साली अमेरिकेत अल्प्राझोलामला मान्यता मिळाली. आज आपल्या घरांतील औषधांच्या डब्यांत बहुधा याच कुळातील एखादे पाकीट सापडते.

या गोळ्या करतात तरी काय? मेंदूतील पेशींची धावपळ आवरणारे गाबा नावाचे एक द्रव्य आपल्या मेंदूतच असते. १९७७ साली संशोधकांना मेंदूतील ती जागा सापडली, जिथे जाऊन या गोळ्या गाबाचा हात बळकट करतात. म्हणून तासाभरात छातीतील धडधड मंदावते, हाताचा कंप थांबतो, डोळ्यांवर झोप उतरते. बोलून चालून हा ब्रेक आहे. उतारावर सुटलेल्या गाडीला ब्रेक हवाच. परंतु विषण्णता म्हणजे चिखलात रुतलेली गाडी. तिला ब्रेक लावून काय साधणार?

विषण्णतेवरील औषधांचे घराणे वेगळे आहे, आणि त्याचाही उगम असाच अनपेक्षित आहे. न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात येत होते. ते घेऊन रुग्ण हसूबोलू लागले, जेवू लागले, वॉर्डात उत्साह संचारला. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या मनोविकारतज्ज्ञांनी इमिप्रामीनचा गुण ओळखला आणि १९५७ साली तो जगापुढे मांडला. या दुसऱ्या घराण्यातील औषधे तासाभरात काहीच करीत नाहीत. त्यांचा गुण दिसायला दोन, चार, प्रसंगी सहा आठवडे लागतात. मोहाचे मूळ या फरकातच आहे. एक गोळी आज रात्री झोप देते, दुसरी महिनाभर वाट पाहायला लावते. घायकुतीला आलेला माणूस, आणि त्याच्याहून अधिक घायकुतीला आलेले त्याचे घर, कोणती गोळी पसंत करील हे काय सांगायला हवे?

तथापि गोष्ट इतकी सरळही नाही. विषण्ण माणूस पुष्कळदा चिंतेनेही पोखरलेला असतो. गाडी रुतलेली असतेच, वर तिचे इंजिन रात्रभर घरघरत असते. म्हणून १९८० च्या दशकात अल्प्राझोलामची विषण्णतेवरही परीक्षा झाली, आणि सौम्य ते मध्यम आजारात काही चाचण्यांमध्ये ते चांगलेच उतरले. ही परीक्षा कशी घेतात हे वाचले तेव्हा आम्ही थबकलो. मॅक्स हॅमिल्टन या डॉक्टरांनी १९६० साली एक गुणपत्रिका तयार केली. ती आजही वापरात आहे. तिच्यात १७ बाबी आहेत. मन खिन्न आहे का, अपराधी वाटते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, कामात रस उरला आहे का, अशा बाबी तिच्यात आहेत. परंतु त्या १७ पैकी तीन बाबी केवळ झोपेच्या आहेत, आणि आणखी तीन अस्वस्थतेच्या व चिंतेच्या. म्हणजे एखाद्या औषधाने झोप लावली आणि धडधड थांबवली, तर खिन्नतेला स्पर्शही न होता गुणपत्रिकेवर सुधारणा दिसू शकते! डॉक्टर मंडळींना हे ठाऊक आहे, म्हणूनच ती एवढ्या एका आकड्यावर विसंबत नाहीत. आपण घरातली माणसे मात्र विसंबतो. आई रात्री झोपते, रडत नाही, चिडत नाही, वेळेवर दोन घास खाते: आमच्या गुणपत्रिकेत ती उत्तीर्ण!

कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१९ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. नुसते विषण्णतेवरील औषध घेणारे आणि त्याच्या जोडीला या कुळातील शामक गोळी घेणारे अशा रुग्णांची त्यात तुलना आहे. पहिल्या चार आठवड्यांत जोडीने घेणाऱ्यांना अधिक आराम पडला. पुढे तो फरक उरला नाही. आमच्या अल्पमतीला याचा अर्थ असा लागतो की शामक गोळी ही वाटेतली धर्मशाळा आहे. खरे औषध लागू पडेपर्यंत ती रात्रीचा आसरा देते. तिथे बिऱ्हाड थाटणे मात्र घातक ठरते. शरीराला सवय जडते, तेवढाच गुण यायला मात्रा वाढवावी लागते, स्मरण अंधूक होते, वृद्ध माणसे तोल जाऊन पडतात. मद्यासोबत घेतली तर श्वासावर बेतू शकते. (मद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: आमच्या समाजात स्त्री गोळी घेते तेव्हा कुजबुज होते, पुरुष रोज संध्याकाळी पेल्यातून तेच काम करून घेतो, त्याला कुणी काही विचारत नाही.) अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या सर्व गोळ्यांच्या वेष्टनावर सवय, गैरवापर आणि सोडतानाचा त्रास यांविषयी ठळक चौकटीत इशारा छापण्यास फर्मावले. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून यांपैकी काही गोळ्या एच-वन या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या विकता येत नाहीत, आणि औषधविक्रेत्याला विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते.

आता आमच्या चुकीकडे येतो.

हा नियम येण्याआधीची गोष्ट. एका धर्मग्रामात आम्ही सेवेला असताना तेथील एका बाईंचा बावीस वर्षांचा मुलगा महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. (त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दफनविधीच्या दिवशी त्या दगडासारख्या उभ्या होत्या. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा घरच्या डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या. त्यात काहीही गैर नव्हते. ती करुणाच होती. पुढे दहा दिवस संपले आणि कुणीतरी जुनी चिठ्ठी दाखवून आणखी एक पाकीट आणले. मग आणखी एक. दहा दिवसांची दोन वर्षे झाली.

त्या दोन वर्षांत बाई दर रविवारी तिसऱ्या बाकावर येऊन बसत. सावकाश चालत, मोजके बोलत, कुणी सांत्वन केले की मंद हसत. घरची माणसे म्हणत, “आईनं फार धीरानं घेतलं.” आम्हालाही तसेच वाटले. इतके, की नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी दफनभूमीतील प्रवचनात आम्ही नाव न घेता त्यांचे उदाहरण दिले. क्रूसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेशी आम्ही त्या मातेची तुलना केली. माना वळल्या, सर्वांना कळले कोणाविषयी बोलतो आहोत ते. प्रवचन चांगले झाले, असे तेव्हा अनेकांनी आम्हाला सांगितले.

काही महिन्यांनी बाई एका प्रार्थनासभेला गेल्या. तिथे कुणी सांगितले की खऱ्या श्रद्धावंताला मनाच्या गोळ्यांची गरज नसते, गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखविणे. बाईंनी घरी येऊन होत्या नव्हत्या त्या गोळ्या विहिरीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी अंगाला थरकाप सुटला आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांना झटके आले. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकाएकी बंद केली तर असे होऊ शकते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

देवकृपेने रुग्णालय जवळ होते. मग त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात आले. त्यांनी शामक गोळी पुन्हा सुरू केली आणि ती कित्येक महिन्यांत थोडी थोडी करून उतरवली. जोडीला विषण्णतेवरचे औषध सुरू केले. आणि दर आठवड्याला समोर बसवून बाईंना बोलते केले. तिथे प्रथमच कळले की ती मोटारसायकल बाईंनीच घेऊन दिली होती, नवऱ्याच्या मनाविरुद्ध, हातातल्या पाटल्या मोडून. दोन वर्षे ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आणि त्या दोन वर्षांत कुणी त्यांना विचारलेही नव्हते. शांत असलेल्या माणसाला काय विचारायचे?

पुढे त्या धर्मगुरुनिवासात आम्हाला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “फादर, तुम्ही प्रवचनात मला धीराची म्हणालात. धीर कसला हो? मला रडूच येत नव्हतं. आत सगळं तसंच होतं, फक्त दार लावून घेतलेलं.”

आम्ही काय उत्तर द्यावे? ज्या शांततेची आम्ही पवित्र मरियेच्या शांततेशी तुलना केली होती, ती पाकिटातून आलेली होती. परंतु लाज वाटली ती आम्ही फसलो म्हणून नव्हे. ती शांतता आम्हाला सोयीची होती, म्हणून आम्ही तिच्याकडे निरखून पाहिले नाही. रडणारी आई घरात असली की जेवणे रखडतात. चर्चमध्ये असली की धर्मगुरूला तिच्याजवळ जाऊन बसावे लागते, आणि बसून काय बोलावे हे त्याला सुचत नाही. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळातील याजकांवर आरोप केला होता की लोकांची जखम ते वरवर बांधतात आणि शांती नसताना शांती आहे असे सांगतात. हा उतारा आम्ही कितीदा वाचून दाखवला असेल; तो आमच्याविषयी असेल असे कधी वाटले नव्हते.

कुणी म्हणेल, मग ती प्रार्थनासभेतली माणसे काय चुकीचे बोलली? गोळीने दार लावले होते, त्यांनी ते उघडायला सांगितले. नाही; ही चूक पहिलीपेक्षा भयंकर होती. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण वैद्यही देवानेच निर्माण केला आणि औषधेही त्यानेच भूमीतून उगवली. बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट केले होते की वेदना शमविण्याचा उपाय स्वीकारण्यात ख्रिस्ती माणसाला पाप नाही. पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९५८ रोजी, मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचे संशोधक रोममध्ये जमले असता हेच पोप त्यांच्याशी बोलले. तेव्हा या गोळ्यांचा पहिलाच बहर होता. पोपमहोदयांनी औषधांचे मोल मान्य केले, संशोधकांची प्रशंसा केली. मात्र निरोगी माणसे रोजच्या जीवनातील भीती व ताण टाळण्यासाठी त्यांच्यामागे धावू लागली तर काय, ही चिंताही त्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने त्यांचे निधन झाले.

दुःखावरील उपायांविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केलेले विवेचन आम्हाला सेमिनरीत शिकवले होते. तरुणपणी आम्हाला त्याची थोडी गंमत वाटली होती. एवढा मोठा ईशज्ञानी पाच उपाय सांगतो: आनंद देणारी एखादी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी चक्क झोप आणि स्नान! आज वाटते, त्या यादीत केवढे शहाणपण आहे. त्यांनी झोपेला तुच्छ लेखले नाही. शरीर विसावले की मनही थोडे सावरते, हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्यांनी झोपेवर यादी संपवलेली असली तरी अश्रू आणि मित्र तिच्यातून वगळलेले नाहीत. आमच्या बाईंना पाचवा उपाय दोन वर्षे भरपूर मिळाला. दुसरा आणि तिसरा मिळालेच नाहीत.

आणि एलिया संदेष्टा! रानात एका झुडपाखाली बसून तो देवाजवळ मरण मागतो. एवढा पराक्रमी पुरुष, अग्नी खाली आणणारा. आता त्याला जगायचे नाही. देव त्याला उपदेश करीत नाही, अल्पविश्वासी म्हणून रागेही भरत नाही. एलिया झोपी जातो. दूत येऊन त्याला उठवतो. उशाशी भाकर आणि पाणी आहे. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. इथवर ही कथा शामक गोळीचीच आहे म्हणा ना. झोप हवी होती, झोप मिळाली. परंतु कथा तिथे थांबत नाही: दूत दुसऱ्यांदा येतो. पुन्हा त्याला स्पर्श करतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट लांबची आहे. मग होरेब पर्वत, आणि तिथे त्याला विचारलेला तो प्रश्न, की तू इथे काय करतो आहेस. एलियाला मनातली सारी कळ ओकता यावी म्हणून जणू तो प्रश्न दोनदा विचारला जातो.

आम्हाला या दुसऱ्यांदा येण्यातच नीतीच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. शामक गोळी स्वतः चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती वेळ मिळवून देते. बुडणाऱ्याला लाकडाचा ओंडका मिळावा तशी. त्या वेळाचे आपण काय करतो, हा प्रश्न आहे. त्या वेळात कुणी होडी घेऊन निघाले, तर ओंडक्याने प्राण वाचवले. काठावरच्या लोकांनी ‘आता तो आरडाओरडा करीत नाही’ म्हणून घरची वाट धरली, तर दोष ओंडक्याचा नव्हे. बाईंना डॉक्टरांनी दहा दिवस मिळवून दिले होते. त्या दहा दिवसांत त्यांचा नवरा, त्यांच्या बहिणी, आम्ही, कुणी एकाने जरी दुसऱ्यांदा जाऊन विचारले असते!

हा दोष आम्ही गोळ्यांच्या माथी मारू शकत नाही, याचे आणखी एक कारण आहे. आमच्या झोळीतही शामक गोळ्या असतात, आणि त्यांना चिठ्ठी लागत नाही. ‘देवाची इच्छा’, ‘तो आता प्रभूजवळ सुखी आहे’, ‘जपमाळ करा, बरे वाटेल’. ही वाक्ये खोटी नाहीत. जपमाळेने आम्हाला स्वतःला अनेक रात्री तारून नेले आहे. परंतु मृताच्या घरी पाचव्या मिनिटाला आम्ही जेव्हा ही वाक्ये उच्चारतो, तेव्हा पुष्कळदा ती समोरच्या माणसासाठी नसून आमच्यासाठी असतात. त्याने रडणे थांबवावे, म्हणजे आम्हाला उठता येईल. प्रभू येशूला लाजराला उठवायचे आहे हे ठाऊक होते, तरी तो आधी मार्था-मरियेजवळ थांबला, रडला. त्याच्याजवळ तर सर्वांत मोठे औषध होते. त्याने ते घाईने बाहेर काढले नाही.

या आजाराविषयी ख्रिस्तसभेच्या शिकवणीत आज पुष्कळ स्पष्टता आहे, ती घराघरांत पोहोचायला हवी. २००३ सालच्या नोव्हेंबरात व्हॅटिकनमध्ये विषण्णता या विषयावर परिषद भरली होती. तिथे दुसरे जॉन पॉल यांनी विषण्णता ही नेहमीच आध्यात्मिक कसोटीदेखील असते असे सांगितले. आणि जे डॉक्टर नाहीत त्यांचे काम कोणते, तेही सांगितले: त्या माणसाला स्वतःविषयीचा आदर, स्वतःच्या शक्तीवरचा भरवसा आणि जगण्याची इच्छा पुन्हा गवसावी म्हणून त्याला हात देणे. कसोटी म्हणजे पाप नव्हे. गंभीर मानसिक व्याधीमुळे आत्मघात करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असे १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडू नका असेही बजावतो. संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांनी १८८९ पासून तीन वर्षे फ्रान्समधील कां शहराच्या मनोरुग्णालयात काढली. २०१५ साली पत्नी झेली यांच्यासह त्यांना संतपद बहाल झाले. आपल्या कुटुंबांत मनाच्या डॉक्टरांकडे जायचे तर दूरच्या शहरात, अंधार पडल्यावर जातात. त्यांना हे सांगायला हवे. ज्यांना तिथवरही जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि मराठीतही बोलता येते. आणि जे कोणी अशा गोळ्या बऱ्याच काळापासून घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून त्या एकाएकी सोडू नयेत. डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे. आमच्या लेखाने दुसरी विहीर भरू नये.

त्या बाईंची शामक गोळी उतरू लागली तेव्हा घरात घबराट झाली होती. मुलीचा आम्हाला निरोप आला, “फादर, आई पुन्हा रडायला लागली, आता काय करायचं?” तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाई मुलाचा जुना शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान प्रथमच त्यांच्या शेजारी बसले होते. पाटल्यांची गोष्ट त्यांना त्या आठवड्यात कळली होती. ते रागावतील अशी बाईंना इतके दिवस भीती होती. ते म्हणाले, “मला नको होती गाडी, पण पेट्रोलला पैसे मीच देत होतो की.” आम्ही तास-दीड तास तिथे होतो. प्रार्थना केली ती अगदी निघताना, आणि तीही छोटी.

हे सारे आठवले ते त्या पायऱ्यांवरच्या गृहस्थांमुळे. आम्ही त्यांना डॉक्टरांचे नाव दिले होते. ते बरोबरच होते. परंतु ‘असंच’ या त्यांच्या उत्तरावर आम्ही समाधान मानले होते आणि न्याहारीला बसलो होतो. गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घराची वाट धरली. पाऊस लागलेला होता. चहा झाला, शेतीच्या, पाण्याच्या, मुंबईला जाणाऱ्या गाड्यांतल्या गर्दीच्या गोष्टी झाल्या. त्यांच्या पत्नीने सुकी मासळी तळून आणली. गोळीचा विषय कुणी काढला नाही, आम्हीही नाही. निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत पोचवायला आले. कडीवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “फादर, ते मी त्या दिवशी माझ्यासाठीच विचारलं होतं.”

आम्ही छत्री मिटली आणि दोघे ओट्यावर येऊन बसलो.